अर्धीच येते तरी सांग

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. नाईटला वॉर्ड शांत झाला की मी तुमचं सदर वाचते, आज पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी वारली. गाव विक्रमगड तालुक्यात, पार आतमध्ये, पाड्यावर. आश्रमशाळेत शिकले, मग हॉस्टेल, मग नर्सिंग, आता ठाण्यात स्टाफ नर्स आहे. मिस्टर पण आमच्यातलेच. घोडबंदर रोडला वन बीएचके घेतलाय, हप्ते चालू आहेत. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत.

माझी आजी धवलेरी होती, आसपासच्या सगळ्या पाड्यांवरची लग्नं तिने गाऊन लावली. दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या गोष्टी मला येतात पण अर्ध्याच, कारण सहा वर्षांची असतानाच मी आश्रमशाळेत गेले, घरी यायचे ते फक्त सुट्टीत. गाण्यांच्या तर दोन-दोन ओळी येतात. गावी आत्या आहे, तिला बरंच येतं.

झालं असं की शाळेत वारली पेंटिंगचा प्रोजेक्ट होता. मुलीने आमची बिल्डिंग काढली, लिफ्ट, पार्किंग आणि कंपाउंडच्या भिंतीवर बसलेला वाघोबा. मॅडम म्हणाल्या हे वारली नाही, वारलीत बिल्डिंग नसते, परत काढून आण, आणि गोल नाचाचं छापील चित्र दिलं. घरी येऊन पोरगी विचारते, मम्मी आपण खरे आदिवासी आहोत का, आपल्याकडे तर वॉशिंग मशीन आहे. मला उत्तरच देता आलं नाही. दुसरं म्हणजे ब्रेकमध्ये एका मैत्रिणीला आजीची वाघोबाची गोष्ट सांगितली होती, तिने त्याची रील केली, भुताचं म्युझिक लावून, जंगलातली भयानक लोककथा म्हणून, हजारो लोकांनी बघितली पण गोष्ट कोणाची, कुठली, एक शब्द नाही. आणि तिसरं, सोसायटीतल्या बायका म्हणतात ९ ऑगस्टला, आदिवासी दिनाला, पारंपरिक ड्रेस घालून ये आणि आदिवासी संस्कृतीवर अर्धा तास बोल. मी काय बोलू? गावी गेले की बायका म्हणतात तू आता शहरवाली झालीस. माझ्यासारखीने या गोष्टी सांगाव्यात का?
– एक वारली मुलगी, ठाणे

उत्तर:

अगं, तुझं पत्र आलं त्याला पाच दिवस झाले. रोज उघडत होते आणि बंद करत होते, कारण तुझ्या मुलीने जे विचारलं ना तेच मी पण माझ्या आईला विचारलं होतं, फक्त तेव्हा आमच्याकडे वॉशिंग मशीन नव्हतं, टीव्ही होता. म्हणून आधी माझं सांगते, मग तुझ्याकडे येते.

आम्ही महादेव कोळी, अकोले तालुक्यातल्या डांगाणातले. मी पाच वर्षांची होते तेव्हा आई-वडील कल्याणला आले. आई चार घरची धुणीभांडी करायची. रात्री हाताला खोबरेल चोळत बसायची, साबणाने बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या असायच्या, आणि तेल चोळता चोळता कळसूबाईची गोष्ट सांगायची. कळसू नावाची कोळ्याची पोरगी होती, तिला रानात भटकायची फार आवड. फिरत फिरत डोंगराखालच्या गावात आली आणि एका घरी कामाला राहिली, पण राहताना अट घातली, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, बाकी सांगाल ते करीन. काही दिवस बरे गेले. मग एक दिवस घरात पाहुणे आले आणि तिला भांडी घासायला लावलीच. तिने घासली, आणि उठली ती तडक डोंगर चढून गेली, परत खाली उतरलीच नाही. तोच कळसूबाईचा डोंगर, १६४६ मीटर, महाराष्ट्रात त्याच्यापेक्षा उंच दुसरं शिखर नाही.

आई सांगायची तेव्हा शेवट जरा वेगळा असायचा. कळसू एक ताट अर्धं घासते, अर्ध्यावर खरकटं तसंच ठेवते, राख झटकते आणि निघते. आई म्हणायची, "अर्धं ताट तसंच ऱ्हायलं बघ." इथे आली की ती थांबायची आणि स्वतःचे हात बघायची.

मोठी झाल्यावर नगर जिल्ह्याचं १८८४ चं गॅझेटियर माझ्या हातात आलं. त्यात ही गोष्ट आहे, भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात असं पण दिलंय, पण अर्ध्या ताटाचं काही नाही. गावी मावशीला विचारलं तर ती म्हणाली कसलं ताट, आम्ही नाही ऐकलं. म्हणजे ते ताट आईने स्वतः घातलं होतं, कल्याणच्या चाळीत, चार घरची भांडी घासून आल्यावर. मला तेव्हा वाईट वाटलं, वाटलं आईने गोष्ट बिघडवली, मला खोटी गोष्ट दिली. हे वाटणं जायला मला बरीच वर्षं लागली. आज विचारशील तर सगळ्या गोष्टीतलं ते अर्धं ताटच मला सगळ्यात खरं वाटतं, आणि माझ्या मुलाला मी ते ताट घालूनच सांगितली. गावातल्या बाईला ते ताट सुचलं नसतं कारण तिला दुसऱ्याची भांडी घासायला लागत नव्हती. ती गोष्ट शहरात आली, आईच्या हातातून गेली आणि तिथे तिला नवीन पान फुटलं.

म्हणून तू विचारतेस ना, माझ्यासारखीने सांगाव्यात का, तर हो, तूच सांगायच्या. अर्ध्या येतात तर अर्ध्या सांग.

आता हे अर्धवट येतं त्याबद्दल. पत्रात तू हे दोन वेळा लिहिलंस, मी मोजलं, आणि दोन्ही वेळा माफी मागितल्यासारखं लिहिलंस. सहा वर्षांच्या पोरीला आश्रमशाळेत टाकलं, तिथे पुस्तकाची मराठी, प्रार्थना वेगळी, गोष्टी वेगळ्या, वारलीत बोललं की हसणारे, आणि लग्नसराईच्या दिवसात तू गावी असशील-नसशील. शिकली नसतीस तर आज नर्स नसतीस हे खरंच आहे, त्या शाळेला मी वाईट म्हणत नाही, पण आजीची गोष्ट तुझ्यापर्यंत अर्धी पोचली ती तू आळशी होतीस म्हणून नाही. हे ओझं खाली ठेव.

आणि अर्धी गोष्ट सांगायची पण एक पद्धत असते. जिथे तुला येत नाही तिथे स्वतःच्या मनाने भरू नको, यूट्यूबवरनं पण उचलू नको. तिथे थांब आणि मुलीला सरळ सांग, इथून पुढे मला येत नाही, आत्याआजीला विचारायचं. मी हे करून बघितलंय आणि पोरांना ते फार आवडतं, त्यांच्या डोक्यात ती गोष्ट उघडीच राहते आणि पुढच्या वेळी गावी गेलं की गाडीतनं उतरल्या उतरल्या तेच विचारतात. (आईने ताट घातलं ते वेगळं होतं, तिला आख्खी गोष्ट येत होती आणि तिने आपल्या जगण्यातलं त्यात घातलं. तुझ्या हातनं पण काही जाईल त्यात, आपोआप जाईल, मुद्दाम घालायला जाऊ नको.)

आत्याकडे जा. लवकर जा. आजीच्या वेळी आपण म्हणत राहिलो पुढच्या सुट्टीत, पुढच्या सुट्टीत, हे आपल्या सगळ्यांच्या घरात झालंय. फोनवर रेकॉर्ड कर, पण आत्याला विचारून, आणि फोन तिच्या तोंडासमोर धरू नको, फोनसमोर बसवलं की म्हातारी माणसं बातमी दिल्यासारखी बोलायला लागतात, दहा मिनिटात गोष्ट संपवतात. मुलीला तिच्या पुढ्यात बसव, तिला सांगू दे, पोरीला मधेमधे प्रश्न विचारू दे, फोन बाजूला कुठेतरी पडलेला राहू दे. कोंबड्या ओरडल्या, शेजारीण आली, काही बिघडत नाही. सुरुवातीला तारीख, गाव आणि आत्याने ती गोष्ट कोणाकडनं ऐकली हे तिच्याच आवाजात घे. नंतर लिहून काढशील तेव्हा ती जशी बोलली तशीच वारली लिही, देवनागरीत आरामात लिहिता येते, पुस्तकी मराठी करायला जाऊ नको, ती कोणाला हवी असेल तर नंतर बाजूला लिहिता येईल. आणि एक प्रश्न नक्की विचार: ही गोष्ट, हे गाणं कधी म्हणायचं आणि कोणासमोर म्हणायचं. आपल्याकडे सगळंच बारा महिने चालत नाही हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती, तारपा पिकाच्या दिवसात वाजायचा, धवलेरीचं गाणं लग्नातलं, ते कोणी ड्रॉइंगरूममध्ये म्हण म्हणून म्हणायचं नसतं. आत्या एखाद्या गाण्याला नाही म्हणाली तर तिथे फोन बंद कर. त्याची कॉपी आपल्याकडे नसली तरी चालेल.

आता मुलगी.

तिला काय सांगायचं. मला वाटतं आधी आकडाच सांग, आठ वर्षांच्या पोरांना आकडे आवडतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात एक कोटी पाच लाख आदिवासी मोजले, त्यातले पंधरा लाख शहरात राहणारे. म्हणजे दर सात जणांत एक. तिला सात वाटाण्याचे दाणे मांडून दाखव, हा एक आपण. आणि ही झाली जुनी मोजणी, त्यानंतर किती जण आले असतील बघ. न्यूझीलंडमधले माओरी तर आता बहुतेक शहरातच राहतात, तिथे १९८२ मध्ये त्यांनी छोट्या मुलांसाठी वर्ग सुरू केले, नावच 'भाषेचं घरटं' या अर्थाचं, आज्या-आजोबा येऊन पोरांशी फक्त माओरीत बोलायचे. शहरातल्या शहरात केलं त्यांनी हे. घोडबंदरला, कासारवडवलीला, वर्तकनगरला तुझ्या ओळखीची दोन वारली घरं असतील की नाही? महिन्यातनं एक रविवार, कोणाच्या तरी घरी, नागलीची भाकरी आणि एक गोष्ट, तेवढ्यावेळ पोरांशी वारलीतच बोलायचं. मोठं काही काढायची गरज नाही.

मग तिला खिडकीत ने. तुझ्या फ्लॅटमधनं येऊरचा डोंगर दिसत असेल, घोडबंदरला बऱ्याच बिल्डिंगमधनं दिसतो. त्या डोंगरात वारली पाडे आहेत. पलीकडे मुंबईच्या आरेत आहेत, १९४९ ला तिथे डेअरी आली त्याच्याही आधीपासूनचे, आणि तिथे अजून वाघबारस, म्हणजे वाघोबाची पूजा, होते. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीत झाडं पाडली तेव्हा रस्त्यावर आलेल्यांत त्या पाड्यातले लोक होते. त्या लोकांना कोणी विचारलं की तुम्ही गावातनं शहरात कधी आलात तर ते काय सांगणार, ते कुठे आलेच नाहीत, ते होते तिथेच आहेत आणि शहर त्यांच्याभोवती वाढलं. हे मुलीला कळू दे की ठाणं-मुंबई ही काही बिनआदिवासी जागा नाही जिथे आपण पाहुणे म्हणून राहतोय. इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या आमच्या राघोजी भांगऱ्यांना इंग्रजांनी फाशी दिली ती ठाण्याच्या जेलमध्ये, २ मे १८४८ ला. मी लहान असताना एकदा बस त्या भिंतीजवळनं गेली तर वडिलांनी सीटवरनं उठून हात जोडले होते, बाकीचे लोक बघत होते आणि मला लाज वाटली होती. आज त्या लाजेचीच लाज वाटते.

आणि वॉशिंग मशीनबद्दल तिला एवढंच विचार, मॅडमकडे पण वॉशिंग मशीन आहे, मग मॅडम त्या ज्या कोणी आहेत त्या राहिल्या की बदलल्या? ती स्वतःच उत्तर देईल.

तिच्या चित्राबद्दल मला खरंच राग आला, त्यामुळे जरा लांबेल. ज्याला मॅडम खरं वारली म्हणतायत ते कागदावर आलंच १९७० च्या दशकात. त्याच्या आधी ते भिंतीवर होतं, गेरूवर तांदळाच्या पिठाने, लग्नात, सवासिनी काढायच्या, मधे पालघट देवीचा चौक आणि तो काढल्याशिवाय लग्न लागायचं नाही, आणि ते काढताना तुझ्या आजीसारखी कोणीतरी गात असायची. कागद आणि ब्रश आले तेव्हा डहाणूकडच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे काढायला लागले, पुरुष असून, लग्न नसताना, आणि त्यांनी आपलं रोजचं जगच काढलं. त्यांना २०११ ला पद्मश्री मिळाली. त्यांच्यानंतरच्या पोरांनी आगगाडी काढली, बस काढली, विमानं काढली. म्हणजे जे समोर दिसतं ते त्रिकोण, गोल आणि रेघांत काढणं हे डहाणूकडचे चित्रकार पहिल्यापासूनच करतायत, आणि तुझ्या मुलीने अगदी तेच केलं, तिच्यासमोर लिफ्ट आहे म्हणून तिने लिफ्ट काढली, आणि डोंगर मागे आहे म्हणून भिंतीवर वाघोबा बसवला, जे की त्या चित्रातलं सगळ्यात वारली आहे. तो गोल नाच पण आपलाच, पण छापलेला कागद बघून काढायचा तर त्यात पोरीचं काय राहिलं.

शाळेत जा. भांडायला नको, तुझी ड्युटी संपली की युनिफॉर्मवरच जा, आणि मॅडमना शांतपणे सांग की आम्ही वारली आहोत, हे चित्र आमच्या घरातलं आहे आणि यात वाघोबा का बसलाय ते माझी मुलगी वर्गाला सांगू शकते. बऱ्याच वेळा मॅडमना माहितीच नसतं की वर्गात वारली मूल बसलंय, त्यांच्यासाठी वारली म्हणजे कुर्त्यावरची डिझाईन. सांगितल्यावर बहुतेक जणी ऐकतात. नाही ऐकलं तर दोन मार्क गेले, जाऊ दे. पण पहिलं चित्र फेकू नको, फ्रेम करून हॉलमध्ये लाव, पोरीला दिसेल असं.

आणि हे पण सांगून ठेवते, कारण पुढे तिला व्हॅलिडिटी, म्हणजे जमातीच्या दाखल्याची पडताळणी, काढावी लागेल आणि तेव्हा तू हे आठवशील. माझ्या वेळी चौकशीला आले तेव्हा मला विचारलं, तुमचा देव कोण, लग्न कसं लागतं, कुठली गाणी, कुठल्या चालीरीती. मी कळसूबाईची गोष्ट सांगितली, ताटासकट. समोरचे साहेब म्हणाले, असं कुठे लिहिलेलं नाहीये. मला त्या खुर्चीत बसून घाम फुटला की आईच्या त्या एका ताटामुळे मी आदिवासी नाही ठरणार की काय. व्हॅलिडिटी मिळाली, जुने कागद होते आजोबांचे, पण त्या दिवशी मला वाटलं की गोष्ट म्हणजे परीक्षेचं उत्तर आहे आणि ते गाईडमधल्यासारखंच आलं पाहिजे. पुढे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये सांगितलं की ही ॲफिनिटी टेस्ट, म्हणजे देव-चालीरीती विचारून माणूस त्या जमातीचा आहे का ते बघणं, ही काही लिटमस टेस्ट नाही, आणि त्याच्या आधी २०११ मध्ये पण कोर्ट म्हणालं होतं की लोक स्थलांतर करतात, शिकतात, इतरांच्या संपर्कात येतात, तर जुन्या खुणा पहिल्यासारख्या राहतीलच असं नाही. मी ते वाचलं तेव्हा आई नव्हती. तिला वाचून दाखवलं असतं. तर तू तुझ्या सासर-माहेरचे जुने कागद, शाळेचे दाखले, सातबारा, जे काय असेल ते आत्ताच गोळा करून ठेव, आणि गोष्टी त्या कागदांच्या फाईलपासून लांब ठेव. मुलीला गोष्ट सांगताना डोक्यात हे नको की हिला उद्या विचारतील. तशी सांगितलेली गोष्ट पाठांतर होते.

आता रील. मैत्रिणीने वाईट हेतूने केली नसेल असं मी धरून चालते, पण केलं ते चूकच. तुझ्या आजीची वाघोबाची गोष्ट मी आमच्या शेजारच्या वारली बाईंकडनं ऐकलीय, थोडी वेगळी असेल, पण त्यात घाबरवणं कुठे आहे? त्यात आई आहे, तिचं पोर आहे जे वाघ होतं, लोकांची गुरं खायला लागतं, आणि मग लोक आणि वाघ बसून ठरवतात की वर्षातनं एकदा आम्ही तुला तुझं देऊ आणि तू आमच्या गुरांना, माणसांना सांभाळ. करार आहे तो. इतकी वर्षं माणसं आणि बिबटे त्या डोंगरात शेजारी राहिले त्याचा करार. त्याला भुताचं म्युझिक लावलं की नेमकं उलटं होतं. आणि तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर वर्षातनं चार वेळा तरी सीसीटीव्हीची क्लिप येत असेलच ना, पार्किंगमध्ये बिबट्या, मग पन्नास मेसेज, पकडा, सोडा, भिंत उंच करा. त्या रात्री मुलीला ही गोष्ट सांग. त्या रात्री ती गोष्ट जेवढी कळेल तेवढी कधीच कळणार नाही.

मैत्रिणीला भेट, मेसेजवर नको. तिला सांग, "मी तुला ही गोष्ट विश्वासाने सांगितली होती, ती माझ्या आजीची आहे आणि वाघोबा आमचा देव आहे, भूत नाही. रील काढून टाक, किंवा म्युझिक आणि नाव बदल आणि ही विक्रमगडकडची वारली गोष्ट आहे असं लिही." एवढंच. आवाज चढवू नको, पण हसून पण सांगू नको, आपल्याला सवय असते अवघड बोलताना हसायची. कायद्याने काय करता येईल असं कोणी विचारेल, तर वारली चित्रकलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय पण ते चित्राला आहे, तोंडी गोष्टीला कॉपीराइट लावायला गेलं तर लेखक कोण इथेच गाडी अडते. म्हणून तो मार्ग सोड. तिने काढली नाही तर पुढच्या वेळी तिला गोष्ट सांगू नको, आणि इतरांना सांगताना सुरुवातच अशी कर, ही आमच्याकडची गोष्ट आहे, मी तुला सांगतेय, पुढे सांगायची असेल तर मला विचार.

सोसायटीच्या कार्यक्रमाचं थोडक्यात सांगते. नाही म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे, आणि कारण द्यायची पण गरज नाही, त्या दिवशी ड्युटी आहे म्हण. पण जावंसं वाटलं तर तुझ्या अटीवर जा. कळसूने घातली तशी अट. संस्कृतीवर अर्धा तास बोलणार नाही, संस्कृतीवर कोणीच अर्धा तास बोलू शकत नाही, एक गोष्ट सांगीन. लुगडं तुला आवडतं म्हणून नेसायचं असेल तर नेस, त्यांना फोटो हवा म्हणून नको. बोलायला लागशील तेव्हा आधी तुझं नाव, तुझं काम, तुझा फ्लॅट नंबर सांग, म्हणजे समोरच्यांना कळेल की लिफ्टमध्ये रोज भेटते तीच बाई बोलतेय. लग्नाचं गाणं आणि चौक तिथे नेऊ नको. वाघोबाची गोष्ट सांगितलीस तर चालेल असं मला वाटतं, त्या सगळ्यांच्या पार्किंगमध्ये तो येऊन गेलेला आहे, पण आधी आत्याला फोन करून विचार, तिने हो म्हटलं तरच.

गावच्या बायका शहरवाली म्हणतात ते मनाला लावून घेऊ नको. मला अजून म्हणतात. त्यात थोडी माया असते, थोडा राग असतो की तू गेलीस, आणि राग यायला कारण पण आहे, गावात हात कमी पडतात. त्याच्यावर वाद घालून उपयोग नाही. लावणीला दोन दिवस गेलीस, चिखलात उतरलीस, की बोलणं आपोआप बदलतं.

एक मात्र कर, आणि हे पत्र वाचून झाल्या झाल्याच कर. वाघबारस दिवाळीच्या तोंडावर येते. त्या दिवशी आत्या वाघोबाला जाईल, नारळ नाहीतर कोंबडी घेऊन, आणि बसल्या बसल्या सांगेल पण. मुलीला तेव्हा तिथे असू दे. दिवाळीच्या आठवड्यात शाळेला सुट्टी असते, प्रश्न तुझ्या ड्युटीचा आहे, आणि तुझ्या वॉर्डला त्या दिवसात कोणी पाळी बदलून देणार नाही हे तुलाच माहिती, म्हणून आजच इन्चार्ज सिस्टरना सांगून ठेव, लागलं तर त्याच्या बदल्यात गणपतीतल्या दोन नाईट उचल. आणि आत्याने जिथे तुझी गोष्ट अडते तिथून पुढचं सांगितलं की मला लिही, मला पण ऐकायचंय पुढे काय होतं.